सरकारचेच आकडे

गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भाषणांचा मागोवा बहुतेक जण १९०२ पासून घेतात. मी १८९७ पासून घेईन. त्या वर्षी हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे त्यांनी इंग्लंडात साक्ष दिली. न्यायमूर्ती रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्या मदतीने तयार केलेली ती साक्ष उलटतपासणीतही टिकली. पण त्याच मुक्कामात पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी एक आरोप जाहीरपणे केला : प्लेगच्या बंदोबस्तातल्या गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केले. परतल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हा तो देता येईना. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. मायदेशातही टीकेची झोड उठली ती वेगळीच.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात ते अर्थसंकल्पावर प्रथमच बोलले. तिजोरीत सुमारे सात कोटींची शिल्लक होती. अभिनंदनाच्या सुरात सूर मिसळणे त्यांनी नाकारले आणि विषय धरला तो एवढाच : दुष्काळ आणि प्लेगने पिचलेल्या देशात ही शिल्लक आली कुठून? रुपया घसरत होता, तेव्हा विलायतेतले देणे भागवण्यासाठी कर वाढवले होते. १८९३ मध्ये टाकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या, पुढे रुपया वधारून एक शिलिंग चार पेन्सवर स्थिरावला. विलायतेचा खर्च कमी रुपयांत भागू लागला, कर मात्र होते तसेच राहिले. म्हणजे ही शिल्लक सुबत्तेची नव्हतीच. १८९७ चा धडा दिसतो तो इथे : आकडे सगळे सरकारी कागदांतले, त्यामुळे खोटे म्हणायची सोय नाही.

ते आकडे चाळून देणारे जोशी सोलापूरला हेडमास्तर होते. (सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे जोशी ते वेगळे.) आज सोलापुरात तरी त्यांचे नाव कितींना ठाऊक असेल?

मिठावरचा कर मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. याचे सगळे श्रेय भाषणांना देणे भाबडेपणाचे होईल, तिजोरीही भरलेली होती. तरी गोखल्यांनी तो मुद्दा सोडला नाही, हेही खरे.

पुढचा विषय सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा. इथेही बडोद्यात सयाजीरावांनी करून दाखवलेले उदाहरण हाताशी होते. १९११ मध्ये मांडलेले विधेयक पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी.