रॉकेटची मोटर निवडताना

दिवाळीतला बाण बाटलीतून निघताना क्षणभर रेंगाळला की आकाशाऐवजी शेजाऱ्याच्या गच्चीत शिरतो. छत्रपती संभाजीनगरच्या कुठल्याही गल्लीत हा अनुभव मिळेल. दीड किलोच्या मॉडेल रॉकेटबाबत मात्र ही रेंगाळ जिवावर बेतू शकते. रॉकेटच्या पंखांना वेगाने वाहणारी हवा मिळाली तरच ते त्याला सरळ ठेवतात. तोवर दिशा देते ती फक्त प्रक्षेपणाची पट्टी.

मोटरीवरील इंग्रजी अक्षर तिचा एकूण आवेग दर्शविते. ‘जी’ची मर्यादा १६० न्यूटन-सेकंद, ‘एच’ची ३२०, सर्वसाधारणपणे ‘एच’पासून उच्चशक्तीचा वर्ग सुरू होतो. नवशिके अक्षरावरच भाळतात. वास्तविक पाहायचा तो त्यापुढील आकडा, म्हणजे सरासरी रेटा.

समजा, दोन मोटरींचा आवेग सारखाच, २०० न्यूटन-सेकंद आहे. एक ५० न्यूटनच्या रेट्याने चार सेकंद जळते, दुसरी १३० न्यूटनने दीड सेकंद. दीड किलोच्या रॉकेटचे वजन सुमारे १५ न्यूटन. पहिली मोटर जेमतेम साडेतीन पट रेटा देते. पावणेदोन मीटरची पट्टी सोडताना रॉकेटचा वेग ताशी अवघा ३३ किलोमीटर असेल. दुसरीने तो ६० च्या आसपास जातो. वजनाच्या किमान पाचपट रेटा हा रूढ दंडक आहे. सौम्य वाटणारी मोटरच इथे अधिक धोकादायक, हे अनेकांना पटत नाही.

शेवटचा आकडा विलंबाचा. इंधन संपल्यावर तितक्या सेकंदांनी हवाई छत्री बाहेर फेकली जाते. विलंब फार झाला तर रॉकेट नाक खाली करून वेगाने कोसळू लागते आणि छत्री फाटते.

मोटर घरी बनविण्याचा मोह मात्र टाळलाच पाहिजे. अमेरिकेत मुले असे प्रयोग करताना जखमी होत. १९५४ साली नेब्रास्कातील बुटांचे व्यापारी ऑर्विल कार्लाइल यांनी तयार, बदलता येणारी मोटर आणली आणि जी. हॅरी स्टाइन यांनी सुरक्षेचे नियम घालून दिले. आपल्याकडे १८८४ चा स्फोटके कायदा आणि २००८ चे नियम लागू आहेत. स्फोटक पदार्थ टपालाने वा विमानाच्या सामानातून आणता येत नाहीत. त्यामुळे महाविद्यालयाने आधी नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेकडे विचारणा करावी. चिकलठाणा विमानतळ शहराला लागूनच असल्याने जागेची परवानगी हा वेगळाच विषय आहे. तो मोटर मागविण्यापूर्वी मिटविलेला बरा.