‘मले’ म्हणजे बिघडलेलं ‘मला’ नव्हे

यवतमाळ, वणी, पांढरकवडा या पट्ट्यातलं पोरगं घरी ‘मले भूक लागली’ म्हणतं आणि शाळेच्या वहीत ‘मला भूक लागली’ असं लिहितं. यातलं पहिलं वाक्य अशुद्ध, ही समजूत इतकी मुरली आहे की पुण्या-मुंबईचा पाहुणा समोर आला की वऱ्हाडी माणूस आपलं ‘मले’ गिळून टाकतो. समजुतीमागचा तर्क असा: मूळ रूप ‘मला’, ते खेड्यातल्या जिभेवर घसरलं आणि ‘मले’ झालं. पण नुसती घसरण असती तर ती वाटेल तशी दिसली असती. प्रत्यक्षात मले, तुले, त्याले, तिले, आमाले, तुमाले अशी रांग न चुकता लागते. नामांनाही तोच प्रत्यय: गाईले, बैलाले, बाबाले. शिवाय तो कुठे लावायचा नाही, हेही ठरलेलं आहे. ‘वावर पाह्यलं’ म्हणतात, पण ‘पोराले पाह्यलं’. निर्जीव कर्म मोकळं आणि माणसाला प्रत्यय, हा प्रमाण मराठीतल्या ‘घर पाहिलं, मुलाला पाहिलं’ यामागचाच नियम. अनेकवचनात तर वऱ्हाडीची मांडणी जास्त नेटकी आहे. प्रमाण मराठीला ‘मुलाला’ आणि ‘मुलांना’ असे दोन प्रत्यय सांभाळावे लागतात. वऱ्हाडीत ‘पोराले’ आणि ‘पोरायले’, ‘लोकायले’. अनेकत्व त्या ‘य’मध्ये येऊन गेलं, प्रत्यय तोच राहिला.

यावर ठरलेलं उत्तर येतं की व्याकरणाच्या पुस्तकात ‘ले’ नाही. खरं आहे, नाही. पण त्या पुस्तकात काय आहे तेही पाहावं. द्वितीयेचे एकवचनी प्रत्यय ‘स, ला, ते’ असे पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतले जातात, आणि चतुर्थीला तीच यादी पुन्हा छापली जाते, कारण तक्ता संस्कृतच्या साच्यावर बेतलेला आहे. यातलं ‘ते’ आज कोण बोलतं? ‘मातें’, ‘तयातें’ ही जुन्या ग्रंथांची भाषा. म्हणजे जो प्रत्यय रोजच्या बोलण्यातून गेला तो तक्त्यात टिकला आणि जो विदर्भात रोज बोलला जातो त्याला तिथे जागा मिळाली नाही. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ सालचं, मुंबईत घडलेलं. पुढची शालेय व्याकरणंही पश्चिमेकडच्या मराठीवर उभी राहिली. ‘ले’ त्यांच्या अंगणात नव्हताच. वऱ्हाडातलंच उदाहरण घ्यायचं तर मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानलं जाणारं लीळाचरित्र तेराव्या शतकातलं, आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी जोडलेलं. त्याच्या भाषेत ‘सि’ आणि ‘तें’ यांचा सुकाळ आहे. त्या मापाने ‘ला’ आणि ‘ले’ दोघेही मागून आलेले. धाकट्याने धाकट्याला बाटगा म्हणावं, यात फारसं तथ्य नाही.

दुसरा आक्षेप हिंदीचा: वऱ्हाडीवर हिंदीची छाया आहे, ‘ले’ही तिकडूनच आला असणार. वऱ्हाडीने हिंदीतून शब्द पुष्कळ घेतले, हे कबूल. पण हिंदीचा प्रत्यय ‘को’ आहे आणि सर्वनामांत ‘मुझे, तुझे’ आहे. ‘ले’ तिच्यात नाहीच. तो दिसतो खानदेशच्या अहिराणीत, ‘माले, तुले’ असा. छत्तीसगढीत ‘मोला, तोला’ म्हणतात, नेपाळीत ‘मलाई’. उलट प्रमाण मराठीच्या ‘ला’चं सख्य छत्तीसगढीशी दिसतं, तरी कोणी ‘ला’वर भेसळीचा आळ घेत नाही.

कर्माच्या सर्वनामावरून शुद्ध-अशुद्धाचा वाद घालणारे आपण एकटे नाही. स्पॅनिशमध्ये हाच तंटा काही शतकं चालू आहे, आणि योगायोग असा की तिथेही अक्षरं ‘लो, ला, ले’ हीच आहेत. नातं अर्थात काही नाही. स्पॅनिश दोन कर्मांना दोन सर्वनामं देते. ‘त्याले पाह्यतो’ यातलं ‘त्याले’ म्हणजे ‘लो’ आणि ‘त्याले सांगतो’ यातलं ‘त्याले’ म्हणजे ‘ले’. लॅटिनपासून चालत आलेला हा भेद लॅटिन अमेरिकेत बहुतांशी टिकला, पण माद्रिद आणि कास्तिल भागात पुरुषाला पाहिलं तरी ‘ले’च म्हणू लागले. राजधानीचीच लकब ती, तिला गावंढळ कोण म्हणणार? १७१३ साली स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीने १७९६च्या व्याकरणात पुल्लिंगी कर्मासाठी ‘ले’ हेच एकमेव शुद्ध रूप ठरवलं. पुढे मत फिरलं. आज ‘लो’ला पसंती आहे आणि एका पुरुषाबद्दलचं ‘ले’ चालवून घेतलं जातं. मात्र त्याच मुलखातली माणसं ‘तिला सांगितलं’ या अर्थी ‘ले’च्या जागी स्त्रीलिंगी ‘ला’ वापरतात, ते आजही अशुद्धच. दोन्ही सवयी तितक्याच नियमबद्ध. एकीला दार उघडलं, दुसरीला नाही.  

वऱ्हाडी हसण्यापुरती ठीक, असंही ऐकू येतं आणि दाखला म्हणून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या नाट्यप्रयोगाचं नाव निघतं. त्या प्रयोगातलं वऱ्हाड लग्नाचं आहे आणि बोली मराठवाड्याची. वऱ्हाडीची ताकद पाहायची तर उद्धव शेळके यांची १९६०ची ‘धग’ ही कादंबरी वाचावी. त्यातले संवाद वाचून हसू येत नाही.

उरतो तो खरा वजनदार आक्षेप. सगळेच आपापल्या बोलीत लिहू लागले तर सांगलीचं पत्र गोंदियात कसं वाचायचं? म्हणूनच लेखनाची प्रमाणभाषा हवी, आणि पोरांना ती नीट यायलाच हवी. पण १९६२चे शुद्धलेखनाचे नियम अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घाची व्यवस्था लावतात. घरातल्या ‘मले’वर फुली मारणं हे त्यांचं काम नाही. ‘प्रमाण’ आणि ‘शुद्ध’ यांची गल्लत झाली की शिकवण्यातही खोट येते. ‘ले’ खोडून ‘ला’ करायचं, एवढंच कळलेलं पोरगं ‘लोकायले’चं ‘लोकांला’ करून बसेल, कारण त्याच्या बोलीत एकच प्रत्यय दोन्हीकडे चालतो. त्या शब्दाभोवती लाल गोल काढून भागत नाही. प्रमाण मराठीत अनेकवचनाला ‘ना’ हा वेगळा प्रत्यय लागतो, हे त्याला सांगावं लागतं. आणि ते सांगायला मास्तरांना आधी ‘लोकायले’चं व्याकरण ठाऊक असावं लागतं.