कळ, ठसठस आणि बधिर चट्टा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपन्यात कापसाची वेचणी भरात असते तेव्हा संध्याकाळी बायांची बोटं पाहावीत. बोंडांची वाळलेली टोकं दिवसभर टोचून नखांच्या कडेला बारीक चिरा पडलेल्या असतात. टोक रुततं त्या क्षणी कळ येते, हात आपसूक मागे येतो. ठसठस मागाहून सुरू होते. ही दोन दुखणी खरोखरच दोन वाटांनी येतात. कळ येते ती ए-डेल्टा तंतूंतून, सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने. ठसठस आणणारे सी तंतू सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर चालतात.

आपल्या बोलीत या दोघींना केव्हापासून वेगळी नावं आहेत. शास्त्र मात्र फार काळ फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या चित्रावर चाललं. १६६४ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात दुखणं म्हणजे दोरी ओढली की घंटा वाजावी, इतकं सरळ होतं. जेवढी इजा तेवढं दुखणं.

हे चित्र १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मोडलं. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एक फाटक आहे, असं त्यांनी मांडलं. चोळण्याचा स्पर्श आणि मेंदूकडून येणारे निरोप ते फाटक लोटू शकतात. पोराचा गुडघा फुटला की आई आधी आजूबाजूला चोळते, ते वेडेपण नव्हे. फाटकाच्या तपशिलात पुढे बदल झाले, पण मेंदू नुसता ऐकणारा नाही हे कायम राहिलं. मेलझॅकने १९७५ मध्ये रुग्णांचे ७८ शब्द गटवार लावून प्रश्नावली केली. आग होते, चमक निघते, ठणकतं, मुंग्या येतात, हा फरक डॉक्टरला रोगाकडे नेतो.

१९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फने आणखी एक गोष्ट दाखवली. इजेच्या माऱ्याने मज्जारज्जूतल्या पेशीच हळव्या होतात, मग साधा स्पर्शही दुखतो. कमरेला कापसाची ओटी बांधून वर्षानुवर्षं वाकणाऱ्या बाईला "एक्स-रेत काही नाही, मनाचं आहे" असं सांगणं म्हणूनच चूक आहे. इजेची वर्दी, म्हणजे नोसिसेप्शन, वेगळी आणि दुखणं वेगळं. वेदनाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये व्याख्या सुधारताना हेच लिहिलं. माणूस दुखतं म्हणतो, तर ते मानायला हवं, हेही लिहिलं.

उलट बाजू, म्हणजे दुखणंच नसणं, आपल्याच जिल्ह्याने पाहिली आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी महारोगी सेवा समिती स्थापली आणि वरोऱ्याला आनंदवन उभं राहिलं. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. १९४६ पासून वेल्लोरला काम करणाऱ्या पॉल ब्रँड या शल्यवैद्याने दाखवलं की जंतू मज्जातंतू मारतात आणि दुखणंच हरवतं. चुलीवरचं गरम भांडं हातात राहतं, पायात काटा मोडला तरी चालणं थांबत नाही. वर्दीच पोचत नाही, म्हणून जखम चिघळत जाते.

तेव्हा दवाखान्यात गेलात तर नुसतं "दुखते" म्हणून थांबू नका. कसं दुखतं, ते आपल्याच शब्दांत सांगा. आणि अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका. तपासून घ्या. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.