आकडा बरोबर, वाक्य कच्चं

कॉलेजातल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलांमध्ये हे वाक्य हमखास सापडतं: ‘वरील प्रयोगावरून असे सिद्ध होते की गुरुत्व त्वरणाचे मूल्य ९.८२०४ मीटर/सेकंद² आहे.’ व्याकरण ठीक, आकडा पुस्तकाशी जुळणारा. सही होते आणि जर्नल मिटतं. पण शास्त्रीय लेखन म्हणून हे वाक्य कच्चं आहे. कसं ते पाहू.

समजा, साध्या दोलकाची लांबी एक मीटर होती आणि २० आंदोलनांना ४०.१ सेकंद लागले. आवर्तकाल २.००५ सेकंद. सूत्रात घातला की कॅल्क्युलेटर ९.८२०४ दाखवतो. पण स्टॉपवॉच हातानं सुरू-बंद करताना ०.२ सेकंदाचा फरक सहज पडतो. ४०.३ सेकंद धरले तर उत्तर येतं ९.७२ आणि ३९.९ धरले तर ९.९२! म्हणजे दशांशचिन्हानंतरचा पहिला अंकसुद्धा पक्का नाही. पुढचे तीन अंक दोलकाचे नव्हेत, कॅल्क्युलेटरचे आहेत.

आता हेच असं लिहून पाहू: ‘एक मीटर लांबीच्या दोलकाच्या २० आंदोलनांना ४०.१ सेकंद लागले. वेळ मोजण्यात ०.२ सेकंदाची चूक संभवते. त्यावरून गुरुत्व त्वरण ९.८ ± ०.१ मीटर/सेकंद² येते.’ पहिलं वाक्य काय दिसलं ते सांगतं, दुसरं त्यावर किती भरवसा ठेवायचा ते, आणि तिसरं त्यातून काय निघतं ते. ‘सिद्ध होते’ची गरजच उरली नाही.

‘प्रयोग अत्यंत काळजीपूर्वक करण्यात आला’ हेही तसंच. काळजी कोणती घेतली? दोलक पाच अंशांपेक्षा कमी कोनातून सोडला, असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काही कळतं.

वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली ती १९५३ साली, ‘नेचर’मधल्या जेमतेम पानभराच्या लेखात. अधिक अचूक निरीक्षणांशी ताडून पाहिल्याशिवाय ही रचना सिद्ध झाली असं मानू नये, हेही त्यांनी त्यातच नोंदवलं होतं. मोठा शोध लिहितानाही भाषा पुराव्याच्या पुढे धावली नाही.

विद्यार्थ्यांना हे शिकवायचं कसं? मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवण्याची सवय नुसत्या उपदेशानं सुटत नाही. एक उपाय करून पाहण्याजोगा आहे. दोघा-दोघांनी जर्नलं बदलून घ्यावीत आणि दुसऱ्याच्या नोंदीवरून, त्याला काहीही न विचारता, प्रयोग पुन्हा करावा. जिथे अडेल तिथे समासात लिहावं: ‘किती?’, ‘कशानं मोजलं?’, ‘हे कशावरून?’ मग मूळ लेखकानं त्या प्रश्नांची उत्तरं घालून पान पुन्हा लिहावं.

या दुसऱ्या लेखनात भाषा तर सुधारतेच, पण आपल्याला नेमकं काय माहीत आहे आणि काय नाही, हेही लिहिता लिहिता विद्यार्थ्याच्या ध्यानात येतं.