शोधकाची सनद

हेर म्हटला कीं आमच्या पिढीस बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आठवतात, आणि सांगलीकडील वाचकांस बाणूरगड आठवतो. शिवछत्रपतींचे हेर बहिर्जी नाईक यांची समाधि त्या गडावर आहे, अशी परंपरा सांगते. परंतु आम्ही येथें ज्या विद्येविषयीं लिहिणार आहों, तींत वेषांतर मुळींच नाहीं, पाठलाग थोडा, आणि कागद फार. कारखान्यांत, पेढींत किंवा विमा कंपनींत अफरातफर झाली असतां तिचा छडा लावणें हा आतां एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे, व त्याच्या परीक्षाहि निघाल्या आहेत. पलटणींतून निवृत्त होऊन साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत सुरक्षा अधिकारी झालेला आमचा एक विद्यार्थी अशाच परीक्षेस बसूं इच्छितो. फी परदेशी चलनांत, घर एकत्र. सामाईक पैशांतून एवढी रक्कम द्यावी कीं काय, हा प्रश्न त्याच्या वडील बंधूंनीं आमच्यापुढें ठेविला. इतर घरांतहि तो पडत असेल, म्हणून जरा विस्तारानें लिहितों.

अमेरिकेंत १९५५ सालीं स्थापन झालेली ‘एसिस’ ही सुरक्षा-व्यावसायिकांची संस्था ‘प्रोफेशनल सर्टिफाइड इन्व्हेस्टिगेटर’ हें प्रमाणपत्र देते. पुस्तकें पाठ करून कोणीहि तिच्या परीक्षेस बसावें, असें नाहीं. अगोदर कांहीं वर्षें प्रत्यक्ष शोधकार्य केलेलें असावें लागतें, व त्यांपैकीं दोन वर्षें तरी प्रकरण स्वतःच्या जबाबदारीवर चालविल्याचा अनुभव लागतो. विषय तीन: शोधकाचें कर्तव्य व मर्यादा, शोधाच्या पद्धति, आणि प्रकरणाची मांडणी. मिळालेलें प्रमाणपत्र दर तीन वर्षांनीं नवें करून घ्यावें लागतें. हा नियम आम्हां शिक्षकांस लागू असता, तर कित्येकांची धांदल उडाली असती!

दुसरा विषय आम्हांस विशेष जवळचा वाटला, कारण तर्कसंग्रह शिकलेल्या मनुष्यास तो अपरिचित नाहीं. सांगलीच्या एखाद्या वखारींत हळदीचीं पोतीं ठेविलीं आणि चार महिन्यांनीं वजन कमी भरलें, असें समजा. मालक लागलाच दिवाणजीकडे संशयानें पाहतो. ‘जेथें तूट तेथें चोरी’ हा त्याचा हेतु. पण हळद पुरती वाळलेली नसेल, तर ओल उडून वजन घटतें. तोलकांटा बिघडलेला असेल. एका वेळीं बारदानाचें वजन धरलें व दुसऱ्या वेळीं वगळलें, असेंहि झालें असेल. चोरी नसतांहि तूट संभवते, म्हणून हा हेतु सव्यभिचारी. शोधक प्रथम आवक-जावकेचें पुस्तक, गाडीच्या पावत्या व वजनाच्या चिठ्ठ्या एकमेकींशीं ताडून पाहतो. मग ज्यांचा लाभ-हानीशीं संबंध नाहीं अशांशीं बोलतो. आणि ज्याच्यावर संशय, त्याच्याशीं सर्वांच्या शेवटीं. तीन हेरांचें वृत्त जुळलें तर तें विश्वसनीय मानावें, असें कौटिल्यानेंहि सांगून ठेविलें आहे. मात्र हेरांस एकमेकांची ओळख असूं नये, ही त्यांतील मेख. लहान गांवांत एकदां चोरीचा आळ आला कीं दिवाणजीची नोकरी तर जातेच, पण त्याच्या मुलीचें लग्नहि अडतें. अशा वेळीं घाईनें बोट दाखविणाऱ्या मनुष्याहून सावकाश कागद चाळणारा मनुष्य आम्हांस शतपट बरा वाटतो.

मांडणीकडे आपले लोक फार दुर्लक्ष करितात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकींत जालन्याचे उमेदवार अर्जुन खोतकर यांनीं अर्ज मुदतीनंतर भरला, असा वाद न्यायालयांत गेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनांतील चित्रण पुराव्यांत आलें, पण त्यासोबत कायद्यानें सांगितलेलें प्रमाणपत्र नव्हतें. मूळ यंत्र हजर केलें नसेल तर असें प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला. (निवडणूक मात्र इतर पुराव्यावरून रद्दच राहिली.) १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली, तरी हा दंडक कायमच आहे. वखारीच्या कॅमेऱ्यांतील चित्र मोबाइलवर उतरवून घेतलें म्हणजे काम झालें, असें समजणाऱ्या मालकानें हें ध्यानांत धरावें.

आतां घरच्या मंडळींनीं नीट समजून घ्यावयाची गोष्ट. हें प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. पहारेकरी पुरविणाऱ्या संस्थांसाठीं २००५ चा कायदा आहे. खाजगी हेरसंस्थांसाठीं २००७ सालीं राज्यसभेंत विधेयक आलें, पण त्याचा कायदा झाला नाहीं. त्यामुळें पाटी लावणाऱ्यास कोणी अडवीत नाहीं, आणि प्रमाणपत्रधारकास सामान्य नागरिकाहून तसूभर अधिक अधिकार नाहीं. कोणाच्या घराची झडती त्यास घेतां येत नाहीं, टेलिफोनचा तपशील मागवितां येत नाहीं. असे तपशील चोरून मिळविल्याच्या आरोपावरून २०१८ सालीं ठाणें पोलिसांनीं कांहीं खाजगी हेरांस अटक केली होती. वरसंशोधनासाठीं हेर नेमण्याची चाल आतां आपल्या घरांतहि शिरली आहे. मुलाची नोकरी खरी कीं खोटी, हें त्याच्या कचेरींत विचारावें. पण त्याचे खाजगी निरोप कोणी आणून देतों म्हणाला, तर त्यास दारांतूनच परत पाठवावें.

वडील बंधूंस आम्हीं सांगितलें कीं, फी घरानें एकदम देऊं नये. निम्मी तरी कारखान्याकडे मागावी, कारण लाभ त्याचाहि आहे. आणि धाकटा पुतण्या वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, त्यास ‘सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर’ ही परीक्षा अधिक मानवेल. तीं प्रकरणें हिशेबाचींच असतात. कारखान्यानें निम्मी फी कबूल केली आहे. विद्यार्थी सध्यां दर रविवारीं एक सरावाचा अहवाल लिहून आणतो, आणि त्यांत ‘वाटतें’ हें क्रियापद दिसलें कीं आम्ही तें तांबड्या शाईनें खोडतों.