नव्या लॅपटॉपास जुनीं उपकरणें कशीं जोडावीं ?

मनुष्याच्या हातीं नवें साधन आलें म्हणजे त्याच्या आनंदास पारावार राहत नाहीं. परंतु तें साधन घरांतील जुन्या साधनांशीं सलोख्यानें नांदेल कीं नाहीं, हा विचार बहुधा मागाहून सुचतो. हल्लीं बाजारांत येणारे पुष्कळसे लॅपटॉप वजनानें हलके, दिसण्यांत सुबक व कामास चपळ असतात. मात्र त्यांच्या कडा न्याहाळून पाहिल्या तर तेथें एक, दोन किंवा फार तर तीन लहानशीं लांबट भोंकें आढळतात. माऊस, प्रिंटर, प्रोजेक्टर, इंटरनेटची तार या सर्वांसाठीं जुन्या यंत्रांस जीं निरनिराळीं तोंडें असत, तीं येथें दिसत नाहींत. मग ‘प्रोजेक्टर आतां कोठें लावावयाचा ?’ हा प्रश्न ऐन व्याख्यानाच्या वेळीं पुढें उभा राहतो. आणि जुनें सारें टाकून नवें घ्यावें, असा सल्लाहि कोणी तरी देतोच. काटकसरीनें चालणाऱ्या शाळेस किंवा घरास हा सल्ला परवडणारा नाहीं, व बहुतेक वेळां त्याची आवश्यकताहि नसते. म्हणून या विषयाची थोडी उकल आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

यंत्राचें अंतरंग व बाहेरील जग यांच्यामधील दारास पोर्ट असें म्हणतात. या दारांतून दोन गोष्टींची ये-जा चालते. एक विद्युत्शक्ति व दुसरी माहिती. पूर्वीं प्रत्येक कामास स्वतंत्र दार असे. पडद्यासाठीं १९८७ सालीं निघालेलें व्ही. जी. ए. नांवाचें पंधरा कांड्यांचें तोंड, प्रिंटरसाठीं रुंद तोंड, कीबोर्डासाठीं वाटोळें तोंड, असा सारा थाट होता. हा गोंधळ मोडावा म्हणून कित्येक कंपन्यांनीं एकत्र येऊन १९९६ च्या जानेवारींत यू. एस. बी. ही योजना जाहीर केली. ‘सर्वांसाठीं एकच वाट’ असा तिच्या नांवाचा भावार्थ आहे. या कार्यांत पुढाकार घेणारे इंटेल कंपनींतील अभियंते श्री. अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी होत, ही गोष्ट आम्हां सर्वांस अभिमानास्पद वाटल्यावांचून राहणार नाहीं.

माहितीचा लहानांत लहान कण म्हणजे बिट. पहिल्या यू. एस. बी. मधून सेकंदास जास्तींत जास्त १ कोटि २० लक्ष बिट जात. २००० सालीं हें मान ४८ कोटींवर गेलें, २००८ सालीं ५ अब्जांवर, आणि २०१९ सालच्या चौथ्या आवृत्तींत तें ४० अब्जांपर्यंत चढलें. वेग असा वाढत असतां यंत्रें मात्र पातळ होत चाललीं. इंटरनेटच्या तारेचें किंवा व्ही. जी. ए. चें तोंड ज्या कडेंत मावावयाचें, ती कडाच त्या तोंडापेक्षां बारीक झाली. २००८ सालच्या ॲपल कंपनीच्या मॅकबुक एअर या यंत्रास यू. एस. बी. चें एकच दार होतें. २०१५ सालच्या मॅकबुकास तर कानांत घालावयाच्या श्रवणयंत्राचें भोंक सोडल्यास वीज, पडदा व माहिती या सर्वांसाठीं मिळून एकच दार ठेविलें होतें. इतर कंपन्यांनींहि पुष्कळ अंशीं तोच मार्ग धरला. तथापि लोकांची अडचण खरी होती, याची साक्ष म्हणजे त्याच कंपनीनें २०२१ सालीं आपल्या मोठ्या मॅकबुक प्रो यंत्रांस पडद्याचें एच. डी. एम. आय. तोंड व छायाचित्रांच्या कार्डाची खांच पुन्हा दिली.

या नव्या लांबट दाराचें नांव टाइप-सी. त्याचा आराखडा २०१४ च्या ऑगस्टांत पुरा झाला. त्यांत वर बारा व खालीं बारा असे चोवीस संपर्कबिंदु असून ते अशा युक्तीनें मांडले आहेत कीं, केबल उलटी घातली काय आणि सुलटी घातली काय, सारखीच. तिच्यांतून माहिती जाते, चित्र जातें, व १०० वॅटपर्यंत वीज येते. २०२१ च्या सुधारलेल्या नियमांनीं ही मर्यादा २४० वॅटपर्यंत गेली आहे.

परंतु येथेंच एक मोठी मेख आहे. सर्व टाइप-सी दारें रूपानें सारखीं असलीं तरी गुणांनीं सारखीं नसतात. कांहीं दारांतून केवळ माहिती जाते, कांहींतून चित्रहि जातें, कांहींतून यंत्रास वीज घेतां येते, तर कांहींतून हीं तिन्ही कामें होतात. एकाच यंत्राचीं दोन दारेंहि कधीं कधीं भिन्न गुणांचीं असतात. दाराजवळ विजेच्या बाणाची खूण असल्यास तें बहुधा थंडरबोल्ट जातीचें, म्हणजे अतिशय वेगवान व चित्रवाहक समजावें. मात्र कित्येक यंत्रांवर कोणतीच खूण नसते. म्हणून यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका आधीं वाचावी, हें उत्तम. दहा मिनिटांच्या वाचनानें शेंकडों रुपयांची अनाठायीं खरेदी टळते.

आतां प्रत्यक्ष जोडणीकडे वळूं. पहिलें काम दुकानांत जाण्याचें नसून कागद-पेन्सिल घेऊन बसण्याचें आहे. आपणांजवळ कोणतीं उपकरणें आहेत, त्यांपैकीं एकाच वेळीं कोणतीं लागतात, व प्रत्येकाचें तोंड कसें आहे, याची यादी करावी. प्रिंटर आठवड्यांतून दोनदां लागत असेल, तर त्यासाठीं कायमचें दार राखून ठेवण्याचें कारण नाहीं. माऊस व कीबोर्ड नवे घ्यावयाचेच असतील तर ते ब्लूटूथवर चालणारे घ्यावे. त्यांस दारच लागत नाहीं. दहाव्या शतकांतील डेन्मार्कच्या हॅरल्ड ब्लूटूथ नामक राजानें विखुरलेले लोक एका छत्राखालीं आणिले, त्यावरून या बिनतारी योजनेस तें नांव पडलें. प्रिंटर वाय-फायवर चालणारा असेल, तर तोहि यादींतून वगळतां येतो. येणेंप्रमाणें पाहतां निम्मी अडचण एक पैहि न खर्चितां दूर होते.

उरलेल्या वस्तूंपैकीं पेन ड्राइव्ह, तारेचा माऊस, प्रिंटर यांचें काम सोपें आहे. त्यांच्या चौकोनी तोंडास टाइप-सी करून देणारा बोटाच्या पेराएवढा अॅडॅप्टर थोडक्या किंमतींत मिळतो. प्रिंटरच्या बाबतींत केवळ केबल बदलली तरी चालतें. तिचें एक टोंक प्रिंटरास शोभेसें व दुसरें टाइप-सी असावें. एकाच वेळीं तीन-चार वस्तु लागत असतील, तर हब घ्यावा. हब म्हणजे एका दाराचीं अनेक दारें करणारी पेटी. मात्र हबामुळें दारें वाढतात, वाट रुंद होत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. अंगणांतील एका नळास चार तोट्या बसविल्या म्हणून नगरपालिकेचें पाणी चौपट येत नाहीं. चारी घागरी एकदम लावल्या तर प्रत्येकीची धार बारीकच होणार.

पडद्याचें व प्रोजेक्टरचें प्रकरण थोडें नाजूक आहे. जुना प्रोजेक्टर व्ही. जी. ए. तोंडाचा असल्यास टाइप-सी वरून व्ही. जी. ए. वर नेणारा अॅडॅप्टर घ्यावा. लॅपटॉप चित्र अंकांच्या रूपानें पाठवितो, व व्ही. जी. ए. मध्यें तें विजेच्या चढउतारांनीं जातें. म्हणून या अॅडॅप्टरांत भाषांतराचें काम करणारा लहानसा मेंदू असतो. हें भाषांतर एकाच दिशेनें होतें. एच. डी. एम. आय. वरून व्ही. जी. ए. करणारा अॅडॅप्टर उलट दिशेस मुळींच चालत नाहीं. तेव्हां घेतांना कोणत्या बाजूनें चित्र निघतें व कोणत्या बाजूस पोंचतें, हें दुकानदारास स्पष्ट सांगावें. शिवाय व्ही. जी. ए. मधून आवाज जात नाहीं. बोलपट दाखवावयाचा असेल तर लॅपटॉपच्या श्रवणयंत्राच्या भोंकास किंवा ब्लूटूथनें निराळा ध्वनिवर्धक जोडावा. लॅपटॉपचें दार चित्रवाहक नसेल तर असला साधा अॅडॅप्टर निरुपयोगी ठरतो, हें सांगणें नकोच.

मोठे पडदे जोडणाऱ्यांस आणखी एक अनुभव येतो. नवीन फोर-के पडदा स्वस्त हबांतून जोडला म्हणजे माऊसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो. याचें कारण साध्या गुणाकारानें कळतें. नेहमींच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगास २४ बिट व सेकंदास ६० चित्रें धरलीं, तर सुमारें ३ अब्ज बिट होतात. फोर-के पडद्यावर ठिपके चौपट. अर्थात् सुमारें १२ अब्ज बिट. टाइप-सी मध्यें चार जलद मार्गिका असतात. साधा हब त्यांतील दोनच पडद्यास देतो व दोन इतर कामांस राखतो. पुष्कळ हबांत या दोन मार्गिकांतून मिळून सुमारें साडेआठ अब्ज बिटच जाऊं शकतात. बारा अब्जांचें ओझें तेथें मावत नाहीं. म्हणून सेकंदास ६० ऐवजीं ३० चित्रेंच पाठविलीं जातात. वर्गांतील साध्या प्रोजेक्टरास याची झळ लागत नाहीं. परंतु मोठा पडदा घेणारानें ‘फोर-के’ या शब्दापुढें ६० चा आंकडा आहे कीं ३० चा, हें अवश्य पाहावें.

विजेचा हिशेबहि ठेवला पाहिजे. यू. एस. बी. च्या जुन्या दारांतून ५ व्होल्टांवर अर्धा ॲंपिअर, म्हणजे अडीच वॅट वीज मिळे. पुढील आवृत्तींत ती साडेचार वॅट झाली. टाइप-सी मधून ५ व्होल्टांवर १५ वॅटपर्यंत मिळूं शकते. एकाच हबास दोन फिरत्या हार्ड डिस्का व शिवाय इतर वस्तु लाविल्या, तर ही शिदोरी पुरत नाहीं, व डिस्क मधूनच बंद पडते. अशा वेळीं भिंतीवरील विजेवर चालणारा हब घ्यावा. कांहीं हबांत चार्जर घालून त्यांतूनच लॅपटॉपास वीज पुरवितां येते. परंतु हब आपला वांटा काढून घेतो, यास्तव ६५ वॅटचा चार्जर लावला तरी लॅपटॉपास त्याहून कांहीं कमीच मिळतात. केबलींतहि डावेंउजवें आहे. भ्रमणध्वनीबरोबर आलेली बारीक केबल बहुधा २००० सालच्याच वेगानें माहिती नेते, आणि ६० वॅटहून अधिक वीज नेण्यास तिच्यांत ओळख पटविणारी चकती असलेली निराळी केबल लागते. वेगवान डिस्क मंद चालूं लागली, तर डिस्केस दोष देण्यापूर्वीं केबल बदलून पाहावी.

येथपर्यंत सोयीची गोष्ट झाली; आतां जोखमीची सांगूं. परीक्षेचे गुण, विद्यार्थ्यांचे दाखले, घरच्या कार्यांचीं छायाचित्रें हीं आपण पेन ड्राइव्हवर व डिस्कवर ठेवितों. संगणक कित्येकदां लिहावयाची माहिती क्षणभर स्वतःजवळ राखून मग डिस्कवर उतरवितो. तेवढ्यांत डिस्क ओढून काढली, तर वर्षाचें काम एका हिसक्यासरशीं नाहींसें होऊं शकतें. हबास सर्वच वस्तु लटकत असल्यानें हब हालला कीं सर्व एकदम सुटतात. म्हणून डिस्क काढण्यापूर्वीं ती सुरक्षित रीतीनें मुक्त करण्याची आज्ञा संगणकास द्यावी. महत्त्वाचें लेखन चालू असतां हबास हात लावूं नये. जड हब दारास लोंबकळत न ठेवितां टेबलावर टेकवावा. आणि महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे वेगवान यू. एस. बी. उपकरणें चालतांना जो विद्युत्गोंगाट होतो, त्याचा उपसर्ग २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या बिनतारी माऊसास पोंचतो. माऊसचा ग्राहक हबाच्या अगदीं शेजारीं असल्यास तो वीतभर केबलीनें दूर न्यावा, माऊस सुधारतो.

या सर्व खटाटोपाचें प्रयोजन केवळ पैशाची बचत एवढेंच नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षीं जगांत ६ कोटि २० लक्ष टन विद्युत्-कचरा निर्माण झाला. हा भार कमी व्हावा या हेतूनेंच युरोपीय संघानें चार्जरचें तोंड एकच असावें असा कायदा केला. २०२४ च्या डिसेंबरांत तो भ्रमणध्वनींस लागू झाला, व लॅपटॉपांसाठीं २०२६ चा एप्रिल ठरविण्यांत आला. आपल्या देशांतहि भारतीय मानक ब्यूरोनें २०२३ सालीं टाइप-सी चें मानक प्रसिद्ध केलें. तेव्हां हें लांबट दार कांहीं दिवसांचें पाहुणें नव्हे. त्याच्याशीं ओळख करून घेणेंच इष्ट.

तात्पर्य, यंत्रास दारें थोडीं म्हणून हताश होण्याचें कारण नाहीं. यादी करावी, माहितीपुस्तिका वाचावी, बिनतारी होईल तें बिनतारी करावें, व उरेल तेवढ्यापुरताच योग्य अॅडॅप्टर किंवा हब घ्यावा. चांगला प्रोजेक्टर केवळ तोंड जुळत नाहीं म्हणून अडगळींत पडूं देणें म्हणजे कुलूप उघडत नाहीं म्हणून घर सोडून जाणें होय. किल्ली शोधण्याचा हा अल्प प्रयत्न वाचकांच्या उपयोगीं पडला, तर आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.