शुक्रवारची पहिली गाडी

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या चर्चच्या ऑफिसात भिंतीवर एक यादी लागते. विमानाचा नंबर, उतरण्याची वेळ, बॅगा किती, आणि शेवटच्या रकान्यात आणायला कोण जाणार त्याचं नाव. आमचं गाव वेस्ट लाफाएट, इंडियाना राज्यातलं. इथल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकायला जगभरातून येणारी मुलं इंडियानापोलिसला उतरतात, नाहीतर शिकागोला. पहिलं सव्वा तासावर, दुसरं अडीच तासांवर; दोन्ही रस्त्यांच्या कडेला मका आणि सोयाबीन. आणायला जाणाऱ्यांत निवृत्त शेतकरी आहेत, शाळेतल्या बाई आहेत, नर्स आहेत. मीही जाते. माझं माहेर अहिल्यानगरचं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. येशूबद्दल कोणी ऐकावं असं मला मनापासून वाटतं, हे आधीच सांगून टाकते.

पण गाडी चालवणाऱ्यांना इथे एक सूचना पक्की असते: परतीच्या वाटेवर धर्माचा विषय आपण काढायचा नाही. तासन्‌तास प्रवास करून आलेलं, फोनला रेंज नसलेलं मूल आपल्या शेजारी पट्टा बांधून बसलेलं असतं. नको वाटलं तरी ते उठून कुठे जाणार? त्याला आधी हॉटस्पॉट द्यायचा, घरी बोलू द्यायचं. मग वाटेत दुकानापाशी थांबायचं: दूध, ब्रेड, केळी, तांदूळ. हैदराबादचं असो की हनोईचं, पहिल्या रात्री प्रत्येकाला तांदूळच हवा असतो.

दुसऱ्या दिवशी सामान. इथल्या बऱ्याच भाड्याच्या खोल्यांना छताला दिवाच नसतो, हे नव्या मुलांना अंधार पडल्यावर कळतं. म्हणून चर्चच्या शेडमध्ये उन्हाळाभर जमवलेल्या गाद्या, टेबलं, भांडी यांच्यात सगळ्यात आधी उभे दिवे संपतात. दिव्याबरोबर बायबल द्यायचं का, यावर आमच्याकडे पुष्कळ चर्चा झाली. काहींना वाटायचं, एवढी चांगली संधी कशाला सोडायची? शेवटी ठरलं की पुस्तकं दाराजवळच्या टेबलावर राहतील. ज्याला हवं तो आपल्या हाताने उचलेल. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. गादी घेतली म्हणून पुस्तकही घ्यावं लागलं, असं एकाही मुलाच्या मनात येता कामा नये.

वर्षभराचं खरं काम मात्र शुक्रवारच्या जेवणाचं. परदेशी मुलांना असं जेवायला बोलावणं काही नवं नाही. १९०९ मध्ये वायएमसीएचे हॅरी एडमंड्स न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्याला सहज ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले. तो मुलगा थांबला आणि म्हणाला, इथे येऊन तीन आठवडे झाले, माझ्याशी बोललेले तुम्ही पहिलेच. एडमंड्स पतिपत्नींनी रविवारी संध्याकाळी परदेशी मुलांना घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे १९२४ मध्ये तिथलं इंटरनॅशनल हाउस उभं राहिलं.

आमच्या स्वयंपाकघरात प्रत्येक भांड्यासमोर एक चिठ्ठी असते: गाईचं मांस, डुकराचं मांस, अंडं, कांदा-लसूण. हे लिहिताना डोळ्यांत तेल घालावं लागतं. इंडियानाच्या आज्या फरसबीच्या भाजीत बेकनचे तुकडे सवयीने टाकतात, ‘पाय’ नावाच्या गोड पदार्थाच्या पारीत डुकराची चरबी असू शकते, मार्शमॅलोत जिलेटिन असतं. एका आजींना एकदा कळलं की दोन मुली फरसबी नुसती ताटात घेतात आणि तशीच ठेवतात. तेव्हापासून त्या दोन पातेली लावतात आणि पळ्याही वेगळ्या ठेवतात. मुलं ते बघत असतात. ही माणसं खरं सांगतात की नाही, याची परीक्षा मुलं आधी तिथेच घेतात.

जेवण आटोपलं की आठच्या सुमाराला एक गृहस्थ उभे राहतात आणि मोठ्याने सांगतात: आता शेजारच्या खोलीत बायबलचा अभ्यास आहे, बसायचं त्यांनी बसावं, जायचं त्यांच्यासाठी गाडी दाराशी उभी आहे. ही पहिली गाडी या सगळ्या कामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नव्या मुलांकडे वाहन नसतं, रात्री बस कमी, जानेवारीत बर्फ. घरी सोडणारी गाडी अभ्यासानंतरच निघाली, तर मुलं बसतील खरी, पण अडकून बसतील. म्हणून एक गाडी अभ्यासाआधी आणि एक नंतर. पहिली चालवणाऱ्याला अभ्यासाला मुकावं लागतं. ती पाळी बहुतेक वेळा आमच्यातला एक निवृत्त शेतकरी आपण होऊन घेतो.

मागे राहतात ती मुलं मोजकीच. प्रत्येकाच्या हातात इंग्रजीच्या शेजारी त्याच्या भाषेतला मजकूर. एकदा लूकच्या शुभवर्तमानातली उधळ्या पुत्राची गोष्ट निघाली: वाटणी उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो आणि घरी राहिलेला थोरला रुसतो. लातूरकडचा एक मुलगा तावातावाने म्हणाला, “पण मावशी, थोरल्याचं काय चुकलं? तो तर शेतात राबत होता.” मी हे इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं, आता उत्तर येणार. अभ्यास घेणाऱ्यांनी विचारलं, “तुझ्या घरी थोरलं कोण?” पुढचा सगळा वेळ त्याच्या दादाबद्दल गेला: त्याने शिक्षण सोडलं, जमीन गहाण ठेवली, म्हणून हा इथे. त्या रात्री गोष्टीचा अर्थ कोणीच सांगितला नाही. चुळबुळ झाली ती माझीच.

धर्मांतराची अट न घालता मैत्री करण्याच्या बाबतीत मराठी माणसाने आनंदीबाई जोशींची आठवण ठेवावी. १८८० मध्ये गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांच्याकडे पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. उत्तरात ख्रिस्ती होण्याचा सल्ला मिळाला, आणि हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मिशनरी नियतकालिकात छापून आला. तोच अंक न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचला आणि नुसतं मैत्रीचं पत्र पाठवलं. १८८३ मध्ये आनंदीबाई त्यांच्याच घरी उतरल्या, त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, त्या हिंदू राहूनच. पुढच्याच वर्षी त्या गेल्या, तेव्हा त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. धर्मांतराच्या हिशेबाने बघितलं तर कार्पेंटरबाईंच्या पदरी काहीच पडलं नाही. मी त्यांना यशस्वी मानते.

या कामात पूर्णवेळ असणाऱ्यांचा पगार देणगीदारांकडून येतो. त्यांना वेळोवेळी पत्र जातं आणि पत्रात काहीतरी घडलेलं हवं असतं. इथे दोन-दोन वर्षं ‘घडत’ काहीच नाही. शिवाय मुलांचे फोटो टाकता येत नाहीत. काही देशांत चर्चमधला एक फोटो मायदेशी परतलेल्या मुलाला महागात पडू शकतो. तेव्हा पत्रात येतं ते सूप, दिवे, परीक्षा. हे वाचूनही पैसे पाठवत राहणाऱ्यांविषयी मला अपार आदर आहे.

सगळ्यात अवघड प्रसंग मुलगा किंवा मुलगी बाप्तिस्मा मागते तेव्हा. आमचे पाळक म्हणतात, थांब, आधी घरी सांग. काही ख्रिस्ती बांधवांना हे पटत नाही. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पाने प्रवासातल्या कूशी अधिकाऱ्याला वाटेतल्या पाण्यातच बाप्तिस्मा दिला, मग तुम्ही अडवणारे कोण? मुद्दा खरा आहे. पण मला पंडिता रमाबाई आठवतात. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी त्यांचे प्रश्न चालूच राहिले. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनना त्या प्रश्नांत अहंकार दिसायचा. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील मात्र त्यांना मोकळेपणाने वाद घालू द्यायच्या. बाप्तिस्म्यानंतर इतका धीर लागतो, तर आधी थोडा धरायला काय हरकत आहे?

लातूरच्या त्या मुलाच्या आईने मागच्या हिवाळ्यात व्हिडिओ कॉलवर मला थेट विचारलं, “ताई, तुम्ही त्याला बाटवणार तर नाही ना?” मी म्हटलं, “आम्ही ख्रिस्ती आहोत, आणि त्याने विचारलं तर येशूबद्दल सांगू. त्याच्यापासून लपवून काही करणार नाही, तुमच्यापासूनही नाही. तो नुसता जेवून गेला तरी पुढच्या शुक्रवारी त्याचं ताट असेल.” त्या जरा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, संकष्टीला त्याला उपास असतो, शुक्रवारी आली तर साबुदाणा मिळतो का तिकडे? मिळतो, म्हटलं. या वर्षीच्या संकष्टीच्या तारखा मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवल्या आहेत, शेजारी इंग्रजीत ‘अंडं नको, पाव नको’ असंही, कारण त्या दिवशी पातेल्यापाशी मी असेनच असं नाही.